होकाराची खोली

हॉटेलच्या काचेच्या दारावर ताईला आधी दिसला तो चौकोनी डाग. तळहाताएवढा, चिकट, कुणीतरी नखाने खरवडल्यासारखा. त्या जागी गेली कित्येक वर्षं 'मानकरी' कार्डाचं डाळिंबी स्टिकर होतं. आता डागाच्या शेजारी, येणाऱ्याच्या थेट नजरेत भरेल अशी, निळ्या गाठीची खूण लावली होती. 'धागा'ची. म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या, बाळच्या कंपनीची.

"अगं, दार उघड ना, आप्पा उभे आहेत," मागून नवरा म्हणाला.

तिने दार ढकललं. मुद्दाम त्या निळ्या गाठीवरच तळवा ठेवून.

वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, वाढदिवसाचं जेवण तिने ठरवलं होतं. खिडकीजवळचं टेबल तिने मागून घेतलं होतं, आप्पांना काटे सोसत नाहीत म्हणून बिनकाट्याचा मासा तिनेच सांगितला होता, केकवर साखर कमी घालायला तिनेच बजावलं होतं. आणि सूप संपत आल्यावर बाळ आला. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला, तरी घरात अजून 'बाळ'च. हात हलवत आला, बायकोला मागे ठेवून पुढे आला, आणि आप्पांचा चेहरा असा उजळला की जणू इतका वेळ वाढदिवस सुरूच झाला नव्हता.

"बस, बस. इथं बस," आप्पांनी शेजारची खुर्ची थोपटली. त्या खुर्चीवर ताईची पर्स होती. तिने ती उचलली.

कानामागून आला आणि तिखट झाला, असं तिच्या मनात आलं. तेही पहिल्यांदा नाही.

आप्पांची प्रवास कंपनी होती तेव्हापासूनची ही गोष्ट. फिरत्या विक्रेत्यांना, डॉक्टरांना, ठेकेदारांना आप्पा तिकिटं आणि खोल्या काढून देत. मग त्यांनी भरवशाच्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या सहीचा एक जाड कागद द्यायला सुरुवात केली. तो दाखवला की हॉटेलवाला पैसे मागत नसे, बिल आप्पांकडे पाठवी. महिनाअखेर गिऱ्हाइकाने सगळीच्या सगळी रक्कम चुकती करायची. हप्ते नाहीत, व्याज नाही, 'पुढच्या महिन्यात बघू' तर मुळीच नाही. त्याच कागदाचं पुढे मानकरी कार्ड झालं आणि ताईने ते वाढवलं. दुकानांशी करार तिने केले, मशीनं तिने बसवली. बाळ इंजिनियर होऊन आला तेव्हा म्हणाला होता, दुकानांपासून आपल्यापर्यंत तारा टाकू, आणि त्या तारा बाकीच्या बँकांनाही वापरू देऊ. आप्पा म्हणाले होते, "आपली विहीर आणि पाणी गावाने भरायचं?" ताईने मान डोलावली होती. बाळ बाहेर पडला आणि त्याने स्वतःची विहीर खणली. आता सगळा गाव तिच्यावर होता.

जेवण झालं. ताईने आपलं डाळिंबी कार्ड बिलाच्या फोल्डरमध्ये सरकवलं. वेटर ते घेऊन गेला आणि परत आला तो कॅशियरला सोबत घेऊन.

"मॅडम, हे कार्ड आम्ही आता घेत नाही."

"घेत नाही म्हणजे? आमचा करार आहे तुमच्याशी."

"होता. मालकांनी पुढे वाढवला नाही." कॅशियर भला माणूस होता, हळू आवाजात बोलत होता. पण हळू बोललेलं टेबलावर सगळ्यांनाच ऐकू येतं. "या कार्डाला वेगळं मशीन लागायचं, मॅडम. पैसेही त्या कंपनीकडून वेगळे यायचे, ते उशिरा. बाकी झाडून सगळी कार्डं या एका मशीनवर चालतात, पैसे दुसऱ्या दिवशी आमच्याच बँकेत. मालक म्हणाले, एका कार्डासाठी दुसरं मशीन कशाला पाळायचं?"

"मी कोण आहे ते ठाऊक आहे का तुमच्या मालकांना?"

"नाही मॅडम," कॅशियर प्रामाणिकपणे म्हणाला.

तोवर बाळने खिशातून कुठल्याशा बँकेचं साधं राखाडी कार्ड काढून पुढे केलं होतं. कोपऱ्यात निळी गाठ. मशीनने टुणकन आवाज केला, कागदाची जीभ बाहेर काढली, आणि संपलं.

"बाळचं चाललं," आप्पा म्हणाले.

दोनच शब्द. त्यांच्या मनात काही नसेलही. पण ताईला वाटलं, भर बाजारात कुणीतरी आपल्या डोक्यावरचा पदर ओढला.

*

कॉफीसाठी हॉटेलने त्यांना बाजूची छोटी बैठकीची खोली दिली. हे बाळनेच सांगून ठेवलं होतं, हे ताईच्या लक्षात आलं ते खोलीत आधीच सहा कप मांडलेले पाहून. म्हणजे भाऊ वाढदिवसाला आला नव्हता. कामाला आला होता.

"ताई, रागावू नकोस," बाळ म्हणाला. "आज इथे झालं, उद्या दुसरीकडे होईल. दुकानदारांच्या गल्ल्यावर जागा एकाच मशीनची असते."

"ते तुझं मशीन."

"मशीन त्यांच्या बँकेचं. माझा फक्त मधला रस्ता."

"मला एकदा नीट सांगा कुणीतरी," ताईचा नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. सासरच्या भांडणात नेहमी दोन खुर्च्यांच्या मधली जागा पकडायचा. "मी दात काढणारा माणूस. माझ्या दवाखान्यात दोन्ही मशीनं होती. त्यात फरक काय तेच कळलं नाही कधी."

"होती?" ताई म्हणाली.

डॉक्टर कपात साखर ढवळू लागला.

"होती म्हणजे काय? आपल्या कार्डाचं मशीन कुठे आहे?"

"कपाटात आहे. व्यवस्थित आहे. अगं, अवजारं उकळायच्या भांड्याला प्लग हवा होता."

वहिनीने, म्हणजे बाळच्या बायकोने, कॉफीच्या कपात तोंड लपवलं. ताई नवऱ्याकडे अशी पाहत राहिली की त्याने स्वतःच्या दाढेवरून जीभ फिरवून पाहिली.

"मी सांगते बाबा," चिऊ म्हणाली. ताईची ही एकुलती एक लेक. तिशीला टेकलेली, ताईच्याच कंपनीत गिऱ्हाइकांचं खातं सांभाळणारी. "आत्ता काय होतं? आपलं कार्ड घेऊन माणूस दुकानात गेला, की दुकान सरळ आपल्याला विचारतं आणि आपणच दुकानाला पैसे देतो. कार्डही आपलं, रस्ताही आपला. म्हणून प्रत्येक दुकानाशी आपल्याला स्वतः करार करावा लागतो. जिथे आपला माणूस पोचला नाही, तिथे आपलं कार्ड म्हणजे नुसता छान रंगाचा तुकडा. मामाचं उलटं आहे. त्याचं स्वतःचं कार्डच नाही. दुकानाची बँक विचारते, मामाचा धागा तो प्रश्न कार्ड देणाऱ्याकडे नेतो, उत्तर परत आणतो. मग हिशेबही तोच फिरवतो."

"आणि दोघं एकत्र आले तर?" डॉक्टरने विचारलं. प्लगवरून विषय हलला म्हणून त्याला हायसं वाटत होतं.

"तर कार्ड आपलंच राहतं. माणूस आपण निवडायचा, महिन्याला बिल आपण पाठवायचं, विमानतळावरची खोली, प्रवासातली मदत, सगळं आपलं. फक्त कोपऱ्यात निळी गाठ. मग जिथे जिथे धागा आहे तिथे तिथे मानकरी चालेल. एकाही नव्या दुकानाच्या पायऱ्या न चढता."

मुलगी बोलत होती आणि बाळ तिच्याकडे पाहत होता. त्या नजरेत इतकं कौतुक होतं की ताईला आपल्या हातातला कप जड वाटला. नात्यातला मामा असं बघत नाही. शिकवणारा बघतो असं.

"छान पाठ केलंयस," ती म्हणाली. "कुणी घोकून घेतलं?"

चिऊने एकदा मामाकडे पाहिलं, मग सरळ आईकडे. "कुणी नाही. हा प्रस्ताव मीच मांडलाय, आई. मामाकडे मी गेले होते."

खोलीत फक्त आप्पांचा चमचा वाजत होता. ते केकचा उरलेला तुकडा सोबत घेऊन आले होते.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"म्हणजे माझ्यासमोर बसून डबा खात होतीस आणि मागच्या दाराने..."

"पुढच्या दाराने मी तीनदा आले होते. तू दर वेळी म्हणालीस, त्याचं नाव काढू नकोस."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. ताई बाळकडे वळली. "दुकानं घेतलीस, आप्पांची खुर्ची घेतलीस. पोरगी तेवढी राहिली होती."

"ताई, ऐक तर! माझी एकच अट आहे. गाठ कार्डाच्या समोरच्या बाजूला हवी. मागे नको. आणि हे सगळं जुळवायला जो नवा विभाग लागेल, तो चिऊने माझ्या ऑफिसात बसून चालवावा."

"ही एक अट झाली? माझ्या शाळेत याला दोन म्हणायचे." ताई उभी राहिली. "आणि नीट ऐक. गिऱ्हाइकाने बिल बुडवलं तर दुकानाचे पैसे कुणी भरायचे? मी. विमानतळावर कुणाची बॅग हरवली तर फोन कुणाला? मला. तू करून सवरून नामानिराळा. येताजाता मधल्या मधे तुझा वाटा घेणार, आणि कपाळावर टिळाही तुझाच?"

"कपाळावर नाही, कोपऱ्यात."

"मागच्या कोपऱ्यात!"

ती बाहेर निघून गेली.

*

बाहेरच्या लांब गॅलरीत एक सफाईवाली बाई पितळी कठडा पुसत होती. ताई शेवटच्या खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यापलीकडे चपलांचं दुकान, औषधांचं दुकान, चष्म्यांचं दुकान. इतक्या लांबूनही तिच्या डोळ्यांनी तिन्ही दारांवरच्या निळ्या गाठी हेरल्या. डोळ्यांना तेवढंच दिसायची सवय लागली होती.

वहिनी मागून आली. ती घरांचे नकाशे काढायची. कमी बोलायची आणि बोललं की भिंत बांधल्यासारखं बोलायची.

"तू समजूत काढायला आली असशील तर..."

"नाही. मला तुमच्या भावाची तक्रार करायची आहे."

ताईने वळून पाहिलं.

"ताई, तुम्हाला वाटतं ते जिंकलेत. अहो, घरी येऊन पाहा. कुठल्याही समारंभात कुणी विचारलं, काय करता, तर हे सांगतात, धागा. समोरचा विचारतो, सुती की रेशमी? दर वेळी. आणि तोच माणूस खिशातून तुमचं डाळिंबी कार्ड काढून मिरवतो. त्या रात्री ह्यांना जेवण जात नाही." ती कठड्याला टेकली. "पाण्याचा नळ असतो ना, त्याला लोक चांगलं म्हणतात. भिंतीतल्या पायपाला कोण विचारतं? कितीतरी बँकांच्या कार्डांवर गाठ आहे ह्यांची. एकदाही घरी आणून दाखवलं नाही. पण चिऊने तुमच्या कार्डाचा नमुना काढून दिला, कोपऱ्यात गाठ असलेला, तो हे आठवडाभर खिशात घेऊन फिरताहेत. मला म्हणाले, आप्पांच्या पाकिटात हेच असणार."

ताईला भावाची कीव आली असती तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. तिला आधी आनंद झाला, अगदी चविष्ट, पोटातून आलेला आनंद: तोही जळतो तर! इतकी वर्षं आपण एकटेच या चुलीत लाकडं सारतोय असं तिला वाटत होतं.

"आणि चिऊ?" तिने विचारलं.

"चिऊचं काय विचारता? आम्हाला मूल नाही. तुम्हाला आहे." वहिनी सरळ झाली. "मीही तुमच्यावर थोडी जळते, ताई. सांगून टाकलं. चला, कॉफी गार होतेय."

*

ताई आत आली तेव्हा बाळ उठून उभा राहिला. लहानपणी ती शाळेतून आली की उठायचा तसाच. तिला ते दिसलं, आणि तिने ते दिसू दिलं नाही.

"गाठ पुढे येईल," ती खुर्चीत बसत म्हणाली. "नखाएवढी. आमच्या नावाच्या खाली, वर नाही. आणि रंग तुझा निळा नाही चालणार, आमच्या डाळिंबीवर तो डोळ्यात जातो. सोनेरी कर."

बाळचं तोंड उघडं राहिलं. "सोनेरी?"

"नको असेल तर मागे."

"नको, नको. सोनेरी."

तेवढ्यात आप्पांनी चमचा बशीत ठेवला. त्यांना ऐकू कमी येई, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकत. "मला एक सांगा रे. माझा एखादा मानकरी दूरच्या गावी सोनाराकडे गेला. मोठी खरेदी. सोनाराने यंत्राला विचारलं, देऊ का? आता हो म्हणायचं की नाही म्हणायचं, हे कोण ठरवणार?"

प्रश्न वर्मावरचा होता. मानकरी कार्डाला ठरलेली मर्यादा कधीच नव्हती. मोठी खरेदी आली की माणूस बघायचा, त्याची आजवरची वागणूक बघायची, आणि होकार द्यायचा किंवा नकार. हे काम ताईच्या ऑफिसात तिच्या केबिनच्या शेजारच्या खोलीत चाले. सगळे तिला होकाराची खोली म्हणत. आठ माणसं, आठ पडदे, आणि अडलं की काचेवर टकटक करून ताईला विचारायचं. तिला सगळे ओळखीचे होते: अमका दर हिवाळ्यात बायकोला अंगठी घेतो, तमका दिवाळं निघायच्या आधी हमखास घड्याळ घेतो. कितीतरी नकार तिने स्वतः दिले होते. दिल्यावर झोपही चांगली लागली होती.

"बाळ, तुला विचारतोय मी."

"ताई ठरवणार, आप्पा," बाळ म्हणाला. "धागा फक्त विचारायला जातो. उत्तर तिचं."

"तू मधे हो म्हणू शकतोस?"

"नाही. तिच्या ऑफिसचे दिवे गेले आणि उत्तरच आलं नाही, तर तिने आधी सांगून ठेवलं असेल तेवढंच माझ्या हातात. एरवी नाही."

"मग भांडता कशाला? हा पाय, ती तोंड." आप्पा पुन्हा केककडे वळले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडून ते वाक्य, आप्पांच्या देखत, ऐकायला तिने काय दिलं नसतं! आणि मिळालं तर ते कॉफीबरोबर, फुकट. तिला वाटलं आता आपण उदार होऊ शकतो. अगदी थोडं.

"पण चिऊ तुझ्या ऑफिसात बसणार नाही," ती म्हणाली. "ते विसर."

"ते तिला विचार ना."

"मीच सांगते," चिऊ म्हणाली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, बाजारात दोन वजनं तोलणाऱ्या माणसासारखं. "मी मामाकडे जाणार नाही."

बाळचा चेहरा पडला. ताईने ओठ मिटून हसू आवरलं.

"पण आई, मी आहे त्या जागीही राहणार नाही. धागा जोडला की रोज किती प्रश्न येतील कल्पना आहे? आत्ता येतात त्याच्या कित्येक पट. रात्री-बेरात्री, परक्या देशांतून. काचेवर टकटक करून चालणार नाही. नियम बसवावे लागतील, माणसं वाढवावी लागतील." तिने श्वास घेतला. "होकाराची खोली मला दे. पूर्ण. तुझ्या केबिनशी तिचा संबंध नको."

आता तोंड उघडं राहायची पाळी ताईची होती. दुकानं गेली तर चाललं असतं. नखाएवढी गाठ चालली असती. पण ती खोली! अवघ्या पाच मिनिटांपूर्वी आप्पांनी तिच्या पदरात टाकलेलं राज्य होतं ते.

"आणि नाही दिली तर?"

"तर मामाची नोकरी आहेच," चिऊ शांतपणे म्हणाली. "तो वाट बघतोच आहे."

डॉक्टर म्हणाला, "दे गं. पोरगी बरोबर बोलतेय."

"तुम्ही प्लगचं बघा," ताई म्हणाली.

तिने लेकीकडे नीट पाहिलं. कुणासारखी आहे ही? हनुवटी माझी. मागच्या दाराने जायची अक्कल बाळची. आणि हा समोरच्याला खिंडीत गाठून गोड बोलण्याचा प्रकार तर थेट केक खात बसलेल्या म्हाताऱ्याचा. एकेकाळी मी आप्पांसमोर अशीच बसले होते, आणि त्यांनी किल्ल्या देताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांना तेव्हा काय होत असेल, हे आज कळलं, आणि कळून काडीचंही समाधान झालं नाही.

"दिली," ती म्हणाली, लेकीच्या डोळ्यांत पाहून.

चिऊ उठली. ताईला वाटलं, आता ही येऊन गळ्यात पडेल. बाळलाही बहुधा वाटलं, आता मामाचे आभार मानेल. तो खुर्चीत सावरून बसला. पण ती दोघांच्या मधून तशीच पुढे गेली, खिडकीशी उभी राहिली आणि फोन लावला. होकाराच्या खोलीतल्या सुपरवायझरला. तिचा आवाज वेगळाच लागला होता.

"मी बोलतेय. उद्या सकाळी सगळ्यांना जमायला सांगा. नाही, आईला विचारायची गरज नाही. हो, मोठ्या रकमेचं असलं तरी. मला विचारा."

फोनच्या पलीकडून काही विचारणा झाली. चिऊने ऐकलं, क्षणभर विचार केला. "नाही म्हणा त्याला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळली.

कुणाला नकार दिला तिने? ताईच्या जिभेवर प्रश्न आला आणि तिथेच राहिला. तो माणूस तिच्या ओळखीचा असणार. वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. आणि ही पोरगी त्याला तीन शब्दांत निकालात काढून मोकळी झाली होती, तेही बहुतेक बरोबर.

बाळने आपली खुर्ची बहिणीच्या खुर्चीजवळ ओढली. "ताई," तो हळूच म्हणाला, "आपल्याला थँक्यूसुद्धा म्हणाली नाही गं."

"तुला कशाला म्हणेल? मला नाही म्हणाली."

"कशी उभी आहे बघ. जसं काही हॉटेल तिचंच आहे."

"माझ्या खोलीचं वाटोळं करेल ती."

"करेल? मला तर भीती वाटते, आपल्यापेक्षा चांगलं चालवेल."

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाली, आणि कॉफीचा गार झालेला कप त्याच्या पुढ्यात सरकवला. दोघंही खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीकडे बघत राहिली.